मामा तलाव पाणथळ नाहीत कसे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जागतिक पाणथळ दिनानिमित्त रामसर स्थळांवर, म्हणजे रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या ठरलेल्या पाणथळ जागांवर, लेख येतात, ते मी आवर्जून वाचतो. आपल्या विदर्भातल्या लोणारला २०२० साली हा दर्जा मिळाला याचा आनंदच आहे. पण आमच्या गोंदिया-भंडाऱ्याच्या मामा तलावांचं, म्हणजे पूर्वी मालगुजारांच्या (जुन्या जमीनदारांच्या) ताब्यात असलेल्या माजी मालगुजारी तलावांचं, त्यात नावही नसतं. मी अर्जुनी मोरगाव तालुक्यातला धान उत्पादक. आमची रोवणी या तलावांच्या भरवशावर होते. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजानं हे तलाव बांधले. आमच्याकडचा नवेगाव बांध त्यातलाच.

हे तलाव वगळले जातात ते नियमातल्या एका व्याख्येमुळे. केंद्राच्या २०१७ च्या पाणथळ जागा नियमांत खास सिंचनासाठी बांधलेल्या जलाशयांना पाणथळ मानलेलं नाही. मग तलावाच्या पोटात अतिक्रमण झालं, कडेला भराव पडला, तर या नियमांचा आधार घ्यायचा कसा? मी एका कार्यालयात विचारलं तेव्हा ‘हा तर सिंचन तलाव आहे’ एवढंच उत्तर मिळालं. १९७१ च्या रामसर कराराची व्याख्या मात्र नैसर्गिक आणि मानवनिर्मित असा भेद करत नाही. राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, नाशिक जिल्ह्यातलं नांदूरमध्यमेश्वर, हेही गोदावरीवरच्या बंधाऱ्यामुळे तयार झालेलं आहे आणि त्याचे कालवे आजही शेतीला पाणी देतात. नाशिकला जे चालतं ते गोंदियाला का चालू नये?

दर्जासाठी लागणाऱ्या निकषांपैकी एक म्हणजे तिथं संकटग्रस्त प्रजातीला आधार मिळायला हवा. महाराष्ट्रात सारस पक्षी उरला आहे तो मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात. तो तलावात चरतो आणि धानाच्या बांधीत (भातखाचरात) घरटं करतो. आमच्याही बांधीत एका जोडीनं घरटं केलं होतं. थोडं धान तुडवलं गेलं, पण निंदणाच्या बायांनी तेवढा तुकडा सोडून दिला. घरात कुणी कुरकुर केली नाही.

तलावाचा जीव त्याच्या उथळ काठात असतो, हे मासेमारी करणाऱ्या धीवर बांधवांकडून शिकण्यासारखं आहे. पहिल्या पावसात पाणी काठावरच्या देवधानात (रानटी भातात), गवतात शिरतं आणि गावठी मासे तिथं अंडी घालतात. मरळ तर वनस्पती बाजूला सारून घरटंच करते. रोहू-कटला साचलेल्या पाण्यात वीण करत नाहीत, त्यांचं बीज दरवर्षी विकत आणून सोडावं लागतं. गावठी मासा फुकट वाढतो, मात्र काठ शाबूत हवा. आज गाळ काढायला यंत्र येतं आणि पाळीपासून पोटापर्यंत एकसारखं खोल खोदून जातं. पाणी जास्त साठतं, हे खरं. पण काठ उभा होतो, वनस्पती परत धरत नाहीत, आणि मोकळ्या जागी बेशरम हे उपद्रवी झुडूप माजतं. गाळ काढायलाच हवा, मला धानाला पाणी हवंच आहे. पण कुठं खोदायचं आणि कुठं हात लावायचा नाही, हे धीवरांना विचारून ठरवा. भंडारा-गोंदियात काही गावांनी बेशरम उपटून तलावात देशी पाणवनस्पती लावल्या आहेत. त्या कामात धीवर बाया पुढं होत्या. शासनानं ते काम आधी जाऊन पाहावं.

रामसर म्हटलं की गावात भीती वाटते, मासेमारी बंद होईल, पाणी मिळणार नाही. करारात तर ‘सुज्ञ वापर’ हेच तत्त्व आहे, वापर थांबवणं नाही. हे गावसभेत कुणी मराठीत समजावून सांगतच नाही.

माझी विनंती अशी की राज्य पाणथळ प्राधिकरणानं सारस असलेल्या तलावांचा एकत्रित प्रस्ताव केंद्राकडे पाठवावा, आणि त्याच्या व्यवस्थापन समितीत मत्स्य सहकारी संस्था व पाणी वापरणारे शेतकरी यांना मतासह जागा द्यावी. जिल्ह्यातल्या आमदार-खासदारांनी २०१७ च्या व्याख्येतली सिंचन तलावांची सूट काढण्याची मागणी लावून धरावी. येत्या पावसाळ्याआधी गाळाची कामं सुरू होतील, त्याआधी निदान काठ राखण्याचे आदेश तरी निघावेत.

आपला,
एक धान उत्पादक शेतकरी,
ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया