योगवर्गातील ॐकार व प्रार्थनेबाबत सूचना

सर्व सभासदांना नमस्कार.

मागच्या आठवड्यात वर्गानंतर चहा घेताना ॐकार-प्रार्थनेवरून जो वाद झाला, त्यानंतर दोघीजणी यायच्या थांबल्या आहेत. म्हणून हे लिहितो आहे.

सोमवारपासून सुरुवातीचा ॐकार आणि शेवटची प्रार्थना ऐच्छिक राहील. नको असेल त्यांनी शांत बसून श्वासाकडे लक्ष द्यावं. कोण म्हणतं, कोण नाही, हे पाहत बसू नये (डोळे मिटायला सांगितलेले असतात!). सूर्यनमस्कारात बारा नावांऐवजी आकडे मोजले तरी पाठ तेवढीच वाकते.

'देव मानत नाही तर योगाला कशाला येता?' हा प्रश्न पुन्हा कुणी कुणाला विचारू नये. पतंजलींच्या योगसूत्रांतच आहे, 'ईश्वरप्रणिधानाद्वा' (१.२३). त्यातला 'वा' म्हणजे किंवा. ईश्वरभक्ती हा अनेकांतला एक मार्ग. योगाचं जवळचं भावंड असलेलं सांख्य तत्त्वज्ञान तर ईश्वराशिवायच चालतं.

मात्र 'हा नुसता व्यायाम, धर्माशी काडीचा संबंध नाही' हेही मला पटत नाही. ही परंपरा हिंदू, बौद्ध, जैन घरांतच वाढली. त्यामुळे एखाद्याला अवघडल्यासारखं वाटलं तर तो हट्टीपणा नव्हे. २०१५च्या पहिल्या योग दिनाच्या सरकारी कार्यक्रमातूनही आक्षेपांनंतर सूर्यनमस्कार वगळले होते.

त्या दोघींशी मी बोललो आहे; सोमवारी येतो म्हणाल्या. जुना विषय काढू नये. वेळ तीच, सकाळी सहा. चटई आपापली आणावी.