सिमेंटखालचा चर

नागपूर, २६ मे

ती. आई-बाबांना,
सा. नमस्कार.

कालपासून नवतपा लागला. दुपारी अंगणात अनवाणी पाय ठेवता येत नाही. कूलरची टाकी सकाळी भरली की चार वाजेपर्यंत तळ दिसतो. तरी मी बरी आहे, शाळेला सुट्या आहेत, काळजी करू नका. बाबा आता काठी घेऊन जिना चढतात असं दादाने सांगितलं, फार बरं वाटलं ऐकून.

हे सगळं फोनवर बोलता आलं असतं. दोनदा बोलायला घेतलं आणि दोनदा विषय बदलला, म्हणून लिहायला बसले.

आई, तुझं लिंबाचं झाड उन्हामुळे आजारी पडलं असं मी तुला मागच्या वर्षी सांगितलं होतं. ते खरं नव्हतं. ते माझ्यामुळे झालं.

तुम्ही पुण्याला गेल्यावर मी काटोल रोडच्या पुढे एका शेतावर पर्माकल्चर डिझाइनचा कोर्स केला. बाबांनी तेव्हा विचारलं होतं, "म्हणजे सेंद्रिय शेतीच ना?" मी घाईत हो म्हणून टाकलं. सेंद्रिय शेतीत जमिनीला काय घालायचं आणि काय नाही, यावर जास्त बोलणं होतं. इथे आधी विचार होतो तो मांडणीचा. कुठली वस्तू कुठे ठेवली म्हणजे एकीचं सांडलेलं दुसरीच्या कामी येईल? न्हाणीचं पाणी केळीला, गच्चीचं पाणी विहिरीला, झाडांचा पालापाचोळा वाफ्याला. घर, झाडं, पाणी, माणसं, शेजार असं सगळं एकाच नकाशावर आणायचं. बिल मॉलिसन आणि डेव्हिड होमग्रेन या दोन ऑस्ट्रेलियन माणसांनी ही पद्धत बांधली, त्यांचं पहिलं पुस्तक १९७८ साली आलं. कोर्स सगळीकडे ७२ तासांचा असतो, आमचा शनिवार-रविवार धरून पुरा केला.

पहिल्याच दिवशी सरांनी सांगितलं होतं की जमिनीला हात लावायच्या आधी एक वर्ष नुसतं बघा. ऊन कुठून येतं, पाणी कुठे थांबतं, वारा कुठल्या कोपऱ्यातून शिरतो, सगळं लिहून ठेवा. मी वहीत उतरवलंही. पण मनात म्हटलं, मी याच घरात लहानाची मोठी झाले, मला आणखी काय बघायचंय?

जूनमध्ये मागच्या अंगणात चर खणायला घेतला. दोन बांबू वर बांधून खाली फाकवायचे, मध्ये आडवी काठी बांधायची, वरून दोरीला वजन सोडायचं. याला ए-फ्रेम म्हणतात, त्याने जमिनीवरची एकाच पातळीची रेघ सापडते. वजन म्हणून मी बाबांचा पितळी ओळंबा लावला, घर बांधतानाचा. दोरी काठीवरच्या खुणेवर आली की खाली चुन्याचा ठिपका, मग एक पाय जागेवर ठेवून दुसरा फिरवायचा, पुन्हा ठिपका. अशी चाळीस फुटांची रेघ आखली आणि तिच्यावर दीड फूट खोल चर खणला, अगदी सपाट. कोर्समध्ये शिकवलं होतं की सपाट चरात पाणी वाहून न जाता जागीच मुरतं. चर लिंबापासून चार फुटांवरून गेला.

पहिल्या पावसात तो चर दहा मिनिटांत कोरडा झाला. तोच फोटो मी तुम्हाला पाठवला होता, आठवतो का? मला केवढा आनंद झाला होता. मातीत काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पहिलं पाणी त्या भेगांतून सरळ खाली जातं. मग माती भिजते, फुगते, भेगा मिटतात, आणि त्यानंतर तिच्यातून पाणी जवळजवळ उतरतच नाही. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात झड लागली तेव्हा चर काठोकाठ भरला आणि नऊ दिवस तसाच राहिला. लिंबाची पानं आधी शिरांजवळ पिवळी पडली. ऑगस्टमध्ये बुंध्यावर डिंक दिसला, मधाच्या रंगाचा, बोटाला चिकटणारा. संत्र्याच्या बागांत ज्याला डिंक्या म्हणतात तोच हा रोग. मुळं पाण्यात राहिली की बुरशी आत शिरते.

मी काकांना फोन केला. ते संध्याकाळच्या बसने आले. चाकूने रोगट साल खरवडली, मोरचूद, चुना आणि पाणी १:१:१० असं कालवून बुंध्याला लावलं. मग चराकडे बघून म्हणाले, "पोरी, आपल्या वावरात धुऱ्यालासुद्धा थोडा उतार ठेवतात. सपाट ठेवला की पऱ्हाटी पिवळी पडते." एवढंच बोलले, रागावले नाहीत. मला मात्र रात्रभर झोप आली नाही. सरांना विचारलं तर तेही तेच म्हणाले, भारी काळ्या जमिनीत चराला हलका उतार द्यावाच लागतो, चाळीस फुटांत दीडेक इंच, आणि शेवटी पाण्याला बाहेर पडायला वाट. मग मी हे आधी विचारलं का नाही? कारण मी वर्षभर बघितलंच नव्हतं, बघितलेल्यांना विचारलंही नव्हतं.

झाड वाचलंय, आई. पूर्वेकडची मोठी फांदी कापावी लागली. या मार्चमध्ये फुलं आली. आत्ता अकरा लिंबं आहेत, मी रोज मोजते.

आता दुसरी गोष्ट. दिवाळीत माळा साफ करताना बाबांची जुनी कालनिर्णयं सापडली. सुतळीने बांधलेला गठ्ठा, १९९१ पासून २००८ पर्यंत. तुम्ही दूधवाल्याचे हिशेब लिहिता एवढंच मला माहीत होतं. पण कोपऱ्यात बारीक पेन्सिलीने "विहीर १४ फूट" अशी पाण्याच्या पातळीची त्या त्या वर्षाची नोंद प्रत्येक मे महिन्यात आहे. "पहिला पाऊस, पश्चिमेकडून, पत्रा उडाला." "अंगणात पाणी, तीन दिवस." आणि जुलै १९९६ च्या पानावर: "लिंबाजवळ पाणी थांबलं. विहिरीकडे चर काढला."

ते वाचून मी माळ्यावरच बसले. म्हणजे चर होताच! तो २००८ साली फरसबंदीखाली गेला. फरसबंदी का केली तेही मला आठवतं, आई पावसात शेवाळावरून घसरली होती आणि मनगट मोडलं होतं. तेव्हा ते सिमेंट चुकलं असं मी म्हणणार नाही.

बाबा, सरांनी सांगितलेलं एक वर्षाचं बघणं तुम्ही अठरा वर्षं केलंत, आणि ते सगळं माळ्यावर पडून होतं. मी आता त्या नोंदी एका वहीत उतरवल्यात, महिन्यावार. विहिरीचं पाणी मे महिन्यात कसकसं खाली गेलं त्याची रेघ काढली. पहिली आठ वर्षं ती फारशी हलत नाही, नंतर दरवर्षी फूट-दोन फूट खाली. लेआउटमध्ये बोअर कधी सुरू झाले, ते तुम्हाला आठवतं का?

आपली गच्ची अकराशे चौरस फूट, म्हणजे शंभर चौरस मीटरच्या थोडी वर. नागपूरला वर्षाला साधारण हजार मिलीमीटर पाऊस धरला तर एक लाख लिटर पाणी गच्चीवर पडतं. पाचवा हिस्सा वाया गेला तरी ऐंशी हजार लिटर उरतं, ते आत्ता पायपातून सरळ रस्त्यावर जातं. आणि रस्ता सिमेंटचा झाल्यापासून आपल्या ओट्याइतका उंच आहे, त्यामुळे तेच पाणी फाटकातून परत आत येतं. २२-२३ सप्टेंबर २०२३ ची रात्र आठवा. चार तासांत शंभर मिलीमीटरहून जास्त पाऊस, अंबाझरी ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्या पाण्यात गेल्या. बाबा पहाटेपर्यंत दारात खुर्ची टाकून पायऱ्या मोजत बसले होते. त्या रात्री वरून पडलेलं पाणी आपण खाली विहिरीत सोडू शकलो असतो, निदान आपल्या गच्चीपुरतं. गिट्टी, वाळू, कोळशाची गाळणी लावून ते काम मी या आठवड्यात करून घेतेय. पहिल्या दोन-तीन सरींचं पाणी बाहेर सोडायचं, कारण त्यात गच्चीची धूळ असते, मग पुढचं आत.

अंगणाबद्दल मात्र तुमच्या परवानगीशिवाय काही करणार नाही. फाटकापासून न्हाणीपर्यंतची वाट तशीच सिमेंटची राहील, बाबांच्या काठीसाठी तिला एक कठडाही लावू. फक्त विहिरीकडचा पट्टा उघडायचा. कोर्समध्ये घराभोवतीचे भाग माणसाच्या पावलांवरून ठरवतात, जिथे रोज जाणं होतं तो पहिला झोन, क्वचित जाणं होतं तो लांबचा. मी नकाशा काढला तेव्हा माझी पावलं मोजली होती. आई, तू आता मागच्या दाराने दिवसातून किती वेळा बाहेर येशील? वाकवतं का? मी कोथिंबीर-मेथीचे वाफे कमरेइतके उंच करायचं म्हणतेय, विटा मागच्या भिंतीशी आहेतच. कढीपत्ता दाराशीच राहू दे ना? न्हाणीजवळ केळी लावली तर पाणी तिला जाईल, पण मग साबण जपून वापरावा लागेल, कपड्यांच्या पावडरमधला सोडा काळ्या मातीला चिकट करतो. तुला हे जमेल की त्रास होईल, तेही सांग.

शेजाऱ्यांचं थोडक्यात सांगते. फेब्रुवारी-मार्चमध्ये लेआउटभर पाला जाळतात, तो धूर तुला सहन होत नसे. यंदा आपल्यासकट चार घरांचा पाला मी पोत्यांत भरून घेतला. समोरच्या काकू आधी हसल्या, मग स्वतःच्या घरचं पोतं स्वतः घेऊन आल्या. सार्वजनिक मैदानाच्या कोपऱ्यात खड्डा करायचं चाललंय, अजून सगळे तयार नाहीत.

आणि आई, एक तुझ्या माहेरचं. कोर्सच्या शेवटी आम्हाला वर्ध्याला नेलं होतं, मगनवाडीत. गांधीजींनी १९३८ साली उद्घाटन केलेलं मगन संग्रहालय तू शाळेला जाताना रोज पाहायचीस म्हणतेस. जे. सी. कुमारप्पा तिथे राहून ग्रामोद्योगाचं काम करत. त्यांनी तुरुंगात लिहिलेलं 'इकॉनॉमी ऑफ परमनन्स' १९४५ साली आलं. पर्माकल्चरमधला 'पर्मा' हाही त्याच 'परमनंट'मधला, टिकाऊ. मी दारात उभी राहून तुझं दप्तर कसं असेल याचा विचार करत होते.

मृग लागायला बारा-तेरा दिवस आहेत. डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलंय असं दादा सांगतो. पाऊस सुरू व्हायच्या आत पट्टा उघडायचा तर आता ठरवायला हवं. खालचा बर्थ मिळतोय का ते मी बघतेय, दादा सोडायला येईल म्हणतो. खोलीत कूलरला नवी खस लावली आहे.

बाबा, जुना चर सिमेंटखाली नेमका कुठून जात होता ते फोनवर सांगू नका. इथे या आणि काठीने दाखवा. मी खडू घेऊन मागे येते.

तुमची,
मनू