काचेवरच्या हिमस्फटिकांविषयी

चि. मुक्ता हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

खिडकीच्या काचेवरील पांढरी नक्षी म्हणजे गोठलेले दव असावे, असे तू लिहिले आहेस. आधी दव पडून नंतर तापमान शून्याखाली उतरले, तर थेंब गोठतात खरे. परंतु त्यांचे गोल, पारदर्शक खडे होतात. पिसासारखी काटेरी नक्षी मात्र हवेतील बाष्प द्रवरूप न होता थेट बर्फ झाल्याने उमटते. या क्रियेला निक्षेपण म्हणतात.

त्यासाठी पृष्ठभाग हवेपेक्षा थंड असावा लागतो. निरभ्र, निवांत रात्री गवताचे पाते आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहते, म्हणून उंचावरील तापमापक शून्याच्या वर असतानाही जमिनीलगत हिमतुषार, म्हणजे असाच बाष्पाचा थेट झालेला बर्फ, दिसू शकतो. ढगाळ किंवा वाऱ्याच्या रात्री असे सहसा होत नाही.

स्फटिकाला आरंभासाठी आधारही लागतो. काचेवरचा ओरखडा, धुळीचा कण किंवा पुसताना राहिलेला डाग त्याला पुरतो, आणि म्हणूनच नक्षीच्या रेषा पुष्कळदा ओरखड्यांच्या मागोमाग जातात.

मला सर्वांत विलक्षण वाटते ती पुढची वाढ. बर्फात पाण्याचे रेणू षटकोनी जाळीत बसतात, त्यामुळे स्फटिकाला मूळचे कोपरे असतात. जो कोपरा किंचित पुढे येतो, तो अजून बाष्प न हरवलेल्या हवेत पोहोचतो, त्याला अधिक रेणू मिळतात, तो आणखी पुढे सरकतो, आणि त्याच्या कडांवरही हेच घडू लागल्याने फांदीला उपफांद्या फुटतात. दोन फांद्यांमधील जागेतले बाष्प मात्र आधीच वापरले गेलेले असल्याने ती मागे पडते. बाष्प तुटपुंजे असेल आणि वाढ संथ असेल, तर फांद्या न फुटता सपाट पैलूच तयार होतात.

तापमानानेही आकार बदलतो. जपानमधील होक्काइदो येथे भौतिकशास्त्रज्ञ उकिचिरो नाकाया यांनी १९३६ मध्ये सशाच्या केसावर हिमस्फटिक वाढवला आणि पुढे कोणत्या तापमानाला कोणता आकार येतो हे प्रयोगांनी पडताळले: उणे ५ अंशांच्या आसपास सुया व स्तंभ, तर उणे १५ अंशांच्या आसपास, बाष्प भरपूर असल्यास, फांद्यांचे तारे. हिमकणासाठी शोधलेला हा नियम काचेवरील नक्षी समजून घेतानाही उपयोगी पडतो, मात्र तेथे काचेचा पृष्ठभाग वाढीला आपल्या बाजूने वळवत असतो.

पुन्हा नक्षी दिसली, तर भिंग घेऊन प्रत्येक फांदीचे मूळ शोध. पाहताना श्वास बाजूला सोड, कारण त्यातील ऊब आणि ओलावा दोन्ही ती नक्षी बदलून टाकतात. जे मूळ सापडेल त्याचे चित्र काढून मला पाठव.

तुझे बाबा