काका, गाडीचं मिसिंग गेलं

ती. स्व. काकांना सा. न.

समोर येऊन आभार मानले असते, तर "बरं बरं, पाने पुसून ठेवलेस ना?" एवढं विचारून तुम्ही विषय बदलला असता. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांनी वाचावं असं.

मिसिंग म्हणजे इंजिनातला एखादा सिलिंडर (पेट्रोल जिथे जळतं ते नळकांडं) आपल्या पाळीला पेटतच नाही. सुरू करून उभी केली की गाडी हीव भरल्यासारखी थरथरायची. चढाला पिकअप नाही, मध्येच गचका. एका गॅरेजमध्ये दोन मिनिटं कान देऊन "इंजिन उघडावं लागेल" असा निकाल मिळाला होता. मी धसका घेतला आणि ठिणगी पाडणारे चार प्लग, त्यांना वीज पुरवणाऱ्या चार कॉइल, पेट्रोल फवारणारे इंजेक्टर साफ करायचं औषध अशी यादी घेऊनच तुमच्याकडे आलो. तुम्ही यादीला हातही लावला नाहीत. "चेक इंजिनचा दिवा नुसता पेटतो की लुकलुकतो?" एवढंच विचारलंत. लुकलुकतो म्हटल्यावर तुम्ही चावी मागून घेतलीत. न जळलेलं पेट्रोल पुढे धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो आतून वितळूही शकतो, हे मला कुठे माहीत होतं? मी तशीच रोज दामटत होतो.

स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटात स्कॅनर लावला आणि कोड आला पी ०३०३. म्हणजे तिसरा सिलिंडर. मी लगेच "तिसरा प्लग गेला" म्हणून मोकळा. तुम्ही म्हणालात, "कोडने फक्त घर नंबर सांगितला. आत काय झालंय ते आपण बघायचं."

मग मला पडलेला प्रश्न, हे यंत्राला कळतं कसं? याचं उत्तर तुम्ही बॉनेटवर बोटाने आकडे काढून दिलंत. आयडलला, म्हणजे गाडी नुसती सुरू करून उभी असताना, इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच पेटतो, म्हणजे मिनिटाला ४०० वेळा. प्रत्येक वेळी क्रँकला, म्हणजे इंजिनच्या फिरत्या दांड्याला, एक धक्का बसतो. ज्याच्या पाळीला धक्का बसत नाही, तिथे क्रँक किंचित रेंगाळतो आणि सेन्सर ते टिपतो. इतकी वर्षं गाडी चालवतोय, पण हे कुणी सांगितलं नव्हतं. (कुणाला विचारलंही नव्हतं म्हणा.)

इंजिन गार होईपर्यंत तुम्ही मला बसवून ठेवलंत. मग कनेक्टरचं लॉक दाबून सोडवणं, दहाचा बोल्ट काढणं आणि कॉइल आधी जरा पिळून मग वर ओढणं, हे सगळं माझ्याकडून करवून घेतलंत. तुम्ही फक्त टॉर्च धरलात. तिसरी कॉइल वर आली ती तेलाने माखून. "सापडलं!" मी ओरडलो. "तेल सापडलं. दोष अजून नाही," तुम्ही म्हणालात आणि कॉइल पुसून दुसऱ्या सिलिंडरवर लावायला सांगितलीत, दुसऱ्याची तिसऱ्यावर. बाकी कशालाही हात लावायचा नाही. कोड पुसला, गाडी सुरू केली, पुन्हा तीच थरथर. आणि स्कॅनरवर पी ०३०२! दोष कॉइलबरोबर शेजारी राहायला गेला होता. तिसऱ्या घरचा प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन (आतला दाब), सगळे एका फटक्यात सुटले.

मग त्या कॉइलचं रबरी बूट तुम्ही टॉर्चखाली फिरवून दाखवलंत. केसाएवढी काळी रेघ, वरपासून खालपर्यंत. ठिणगी प्लगच्या टोकाशी न पडता त्या रेघेवरून बाहेरच्या बाहेर हेडला, म्हणजे सिलिंडरांवरच्या धातूच्या ठोकळ्याला, जात होती.

मी एकटा असतो तर नवी कॉइल बसवून हात धुतले असते. तुम्ही विचारलंत, "तेल आलं कुठून?" इंजिनच्या माथ्यावरच्या टॅपेट कव्हरखालची, प्लगच्या नळीभोवतीची रबरी रिंग कडक होऊन चिरली होती. तेलात भिजून बुटाचं रबर सडलं आणि कॉइल गेली. रिंग तशीच ठेवली असती, तर नवी कॉइलही त्याच वाटेने गेली असती. या एका प्रश्नासाठी तुमचे आभार मानावेत तेवढे थोडे.

प्लगची मुदत संपतच आली होती, म्हणून कव्हरच्या पॅकिंगबरोबर तेही बदलले. जुना प्लग सैल करण्याआधी नळीतलं तेल चिंधीने टिपायला लावलंत, नाहीतर ते थेट सिलिंडरमध्ये उतरलं असतं. नवा प्लग आधी नुसत्या बोटांनी फिरवायचा, अडला की उलटा घेऊन परत. पूर्ण बसल्यावरच पान्याने साधारण अर्धा वेढा. हेड ॲल्युमिनियमचं, आटे गेले की गेले. तुम्ही स्वतः उमेदवारीत एकदा आटे घालवले होते, हे त्या वेळी सांगितलंत ते बरं केलंत. माझा हात थरथरायचा थांबला.

"महिन्याभराने कॉइल उचलून बघ," असं बजावलं होतंत. काल बघितलं. चारही नळ्या कोरड्या ठणठणीत. हेच सांगायला आलो होतो, तर तुमच्या दाराला कुलूप.

आपला,
खालच्या मजल्यावरचा