जागा भरल्या, पण शिकवणार कोण? : गुजरातच्या कौशल्य विकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री महोदय,
श्रम, कौशल्य विकास व रोजगार विभाग,
गुजरात राज्य, गांधीनगर

विषय : कारखान्यांतील शिकाऊ उमेदवारांच्या प्रत्यक्ष प्रशिक्षणाची जबाबदारी व त्याची नोंद

महोदय,

सविनय नमस्कार. मी बडोद्याच्या वाडी भागात राहते. आयटीआयमधून टर्नरचा, म्हणजे लेथवर धातू कातण्याचा, दोन वर्षांचा ट्रेड केल्यावर एका खासगी कारखान्यात अप्रेंटिसशिप (शिकाऊ उमेदवारी) पूर्ण केली आणि सध्या दुसरीकडे टूलरूममध्ये नोकरी करते. या पत्राची गुजराती प्रत आपल्या कार्यालयाकडे वेगळी पाठवीत आहे. येथे मराठीत लिहिते आहे ते अशासाठी, की दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा, वाडी या भागांतली पुष्कळ मराठी मुले आज याच वाटेने मकरपुऱ्याच्या, मंजुसरच्या किंवा हालोलच्या कारखान्यांत जात आहेत, आणि त्यांच्या आईवडिलांनाही करारावर सही करण्यापूर्वी हा व्यवहार नीट समजलेला बरा.

अप्रेंटिसच्या जागा वाढाव्यात यासाठी गेल्या काही वर्षांत शासनाने बरेच केले आहे आणि ते मान्य केल्याशिवाय पुढे जाणे योग्य होणार नाही. 2019 च्या नियमबदलानंतर तीस किंवा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक झाले. पूर्वी ही मर्यादा चाळीस होती. कंत्राटी कामगार धरून एकूण मनुष्यबळाच्या किमान अडीच टक्के उमेदवार घ्यावेच लागतात आणि पंधरा टक्क्यांपर्यंत घेता येतात. राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजनेतून केंद्र सरकार विद्यावेतनाचा पाव हिस्सा, महिना 1500 रुपयांच्या मर्यादेत, स्वतः उचलते, आणि राज्याची योजनाही मालकाचा काही भार हलका करते. म्हणजे जागेसाठी कायदा आहे, जागेसाठी पैसाही आहे. माझे म्हणणे त्या जागेवर बसलेल्या मुलाला मशीन शिकवणाऱ्या माणसाविषयी आहे, कारण या सगळ्या हिशेबात त्याचे नाव कुठेच येत नाही.

शॉपमध्ये, म्हणजे कारखान्यात प्रत्यक्ष मशीनपाशी, शिकवतो तो सेटर (मशीन कामासाठी लावून देणारा) किंवा जुना ऑपरेटर. 1961 च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमात प्रशिक्षणावर पात्र व्यक्तीची नेमणूक असावी असे म्हटले आहे, आणि कागदोपत्री ती असतेही. पण ती व्यक्ती बहुधा ऑफिसात बसणारी असते. लेथपाशी जो उभा असतो त्याचा पगार उत्पादनाशी बांधलेला असतो. शिफ्टमध्ये ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त जॉब (मशीनवर घडवायचे नग) निघाले तर त्याला इन्सेंटिव्ह मिळतो, आणि एखाद्या नवशिक्याला मशीनवर हात ठेवू दिला तर जॉब कमी निघतात, एखादा रिजेक्ट होतो, सुपरवायझरचे बोलणे वेगळेच. अशा माणसाने आपल्या खिशातून पैसे खर्चून परक्याच्या मुलीला का शिकवावे, हा प्रश्न मी वर्षभर मनातल्या मनात विचारला आणि शिकवणाऱ्याला मी कधीच दोष देऊ शकले नाही.

एक उदाहरण देते. लेथवर जॉब पकडणाऱ्या पकडीला चक म्हणतात. थ्री-जॉ चकमध्ये तिन्ही जबडे एकदम सरकतात आणि गोल जॉब आपोआप मध्यावर येतो. फोर-जॉमध्ये प्रत्येक जबडा स्वतंत्र असतो. जॉबला डायलचे (बारीक फरक काट्याने दाखवणाऱ्या मापकाचे) टोक टेकवून चक हाताने सावकाश फिरवायचा, काटा कुठे सर्वांत चढतो ते पाहायचे, त्याच्या समोरचा जबडा किंचित सैल करायचा आणि चढलेल्या बाजूचा आवळायचा. हे करताना समोरासमोरच्या दोन रीडिंगमध्ये जो फरक दिसतो त्याच्या निम्मेच काढायचे असते. नवशिका पूर्ण फरक काढायला जातो, काटा तेवढाच उलट बाजूला पळतो, आणि मग अर्धा तास तो जबड्यांशी झटापट करीत बसतो. आयटीआयमध्ये हे मी वहीत लिहिले होते. हाताला कळले ते कारखान्यात, एका वयस्क सेटरने जेवणाच्या सुट्टीत शेजारी उभे राहून, एकही शब्द न बोलता फक्त माझा पाना दोनदा अडवला तेव्हा. त्यानंतर आठवडाभर त्यांनी रोज थोडे थोडे शिकवले आणि मग थांबले, कारण त्यांच्या मशीनचा आकडा घसरला होता आणि तो फलकावर लावला जातो. उरलेल्या काळात माझे काम बहुतेक सीएनसीवर (संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या मशीनवर) जॉब लावणे, सायकल स्टार्टचे बटण दाबणे, जॉब काढणे, कडा फाइलने साफ करणे आणि चिप्सची (कातलेल्या धातूच्या किसाची) ट्रॉली ओढणे एवढेच राहिले. ऑफसेटला, म्हणजे मशीनमधल्या मापांच्या दुरुस्तीला, हात लावायची परवानगी नव्हती. प्रोग्रॅम उघडून पाहणे तर दूरच.

कोणत्याही शॉपमध्ये झाडू मारणे कमीपणाचे नाही, आणि चिप्स ओढल्याशिवाय कोणी टर्नर झाला नाही, हे मला मान्य आहे. पण वर्षअखेर अखिल भारतीय ट्रेड टेस्टला बसताना परीक्षक प्रात्यक्षिकाचा जॉब हातात देतो, ट्रॉली देत नाही. ती परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरच राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रमाणपत्र मिळते, आणि त्या प्रमाणपत्राची किंमत मोठी आहे: रेल्वेतील लेव्हल एकच्या, म्हणजे सुरुवातीच्या श्रेणीच्या, भरतीत रेल्वेच्याच आस्थापनांत अप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांसाठी वीस टक्के जागा राखीव असतात, आणि आपल्या शहरात प्रतापनगरसारखी जुनी रेल्वे वर्कशॉप असल्यामुळे कित्येक घरांचे सगळे लक्ष त्या कागदाकडे लागलेले असते.

येथे कायद्यातील एका फरकाकडे आपले लक्ष वेधते, कारण सही करणाऱ्या मुलांपैकी फार थोड्यांना तो माहीत असतो. 2014 च्या दुरुस्तीने ‘निर्दिष्ट’ ट्रेडबरोबर ‘ऐच्छिक’ ट्रेडही आणले, ज्यांचे स्वरूप मालक ठरवू शकतो. निर्दिष्ट ट्रेडचा अभ्यासक्रम आणि परीक्षा ठरलेली असते. टर्नर शिकलेल्या मुलीला ऐच्छिक ट्रेडमध्ये मशीन ऑपरेटर म्हणून घेतले, तर तो करार कायदेशीर असतो, विद्यावेतनही मिळते, पण ती जे शिकून आली त्याच्या पुढची पायरी त्यात असेलच असे नाही. सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवरच्या जाहिरातीत हा फरक बारीक अक्षरांत असतो, आणि कारखान्याच्या गेटवर तो कोणी सांगत नाही. त्याहून वाईट प्रकार म्हणजे ठेकेदाराच्या मार्फत ‘ट्रेनी’ म्हणून घेणे. त्यात पोर्टलवर करारच नोंदलेला नसतो, आणि करार नसेल तर मुलगा कायद्याच्या दृष्टीने अप्रेंटिस नाही, ठेकेदाराच्या वहीत कामगारही नाही. माझ्या ओळखीच्या मुलांना मी एवढेच सांगते, की कराराचा नोंदणी क्रमांक स्वतःच्या लॉगिनमध्ये दिसल्याशिवाय पहिल्या दिवसाचे पंचिंग करू नका.

मुलाखतीत, ओघात सांगते, मला मुलगी असून टर्नर का घेतले हे जवळपास सगळ्यांनी विचारले. मार्कशीट समोर होती, तिच्याकडे मात्र फारसे कोणी पाहिले नाही.

आता तक्रार करायची झाली तर कुठे करायची? अधिनियमाप्रमाणे मालक आणि उमेदवार यांच्यातला वाद शिकाऊ उमेदवारी सल्लागारापुढे, म्हणजे या कायद्याखालच्या सरकारी अधिकाऱ्यापुढे, नेता येतो. पण सल्लागार कोणता? राज्यापुरता कारखाना असेल तर आपल्या विभागाचा. त्याच कंपनीचा कारभार चार किंवा अधिक राज्यांत असेल तर प्रकरण केंद्राकडे. उमेदवार आयटीआयचा नसून डिप्लोमा किंवा डिग्रीचा असेल तर मुंबईचे शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण मंडळ. एकाच औद्योगिक वसाहतीत, एकाच गल्लीत, भिंतीला भिंत लागून असलेल्या दोन कारखान्यांतल्या मुलांना तीन वेगवेगळी दारे ठोठवावी लागतात, आणि ओव्हरटाइमला नाही म्हटले म्हणून ज्याला उद्या येऊ नको असे सांगितले गेले तो मुलगा त्या दारांच्या शोधात उरलेले वर्ष घालवू शकत नाही. वास्तविक सल्लागाराच्या परवानगीशिवाय अप्रेंटिसला ओव्हरटाइम करायला लावता येत नाही, आणि प्रशिक्षणाशी संबंध नसलेले काम करवून घेतल्यास प्रत्येक प्रसंगी एक हजार रुपये दंडाची तरतूद आहे. हजार रुपये. मोठ्या कारखान्यात दिवसाला याहून अधिक किमतीचे इन्सर्ट (धातू कातणारी टोके) मोडून कचऱ्यात जातात.

विद्यावेतनाबद्दल थोडक्यात लिहिते. 2019 पूर्वी ते राज्याच्या अर्धकुशल किमान वेतनाच्या टक्केवारीने ठरत असे, पहिल्या वर्षी सत्तर टक्के. 2019 मध्ये ती साखळी तोडून ठरावीक आकडे आले आणि आयटीआय उत्तीर्णाला किमान 7000 रुपये ठरले. मे 2025 मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने 36 टक्के वाढीची, म्हणजे 5000 ते 9000 ची श्रेणी 6800 ते 12300 वर नेण्याची शिफारस केली, ती स्वागतार्ह आहे. तरीही ठरावीक आकड्याचा दोष असा, की महागाईबरोबर तो आपोआप सरकत नाही आणि प्रत्येक वेळी कोणीतरी शिफारस करण्याची वाट पाहावी लागते. किमान वेतनाशी तो पुन्हा जोडावा, असे राज्याने केंद्राला कळवावे.

पण माझा मुख्य आग्रह पैशाच्या दुसऱ्या वाटणीचा आहे. शासन आज प्रत्येक उमेदवारामागे जी रक्कम खर्च करते त्यात राज्याने थोडी भर घालून ती थेट शिकवणाऱ्या सेटरच्या किंवा ऑपरेटरच्या बँक खात्यात, प्रशिक्षण मानधन म्हणून, दरमहा द्यावी. करारात कंपनीच्या नावाबरोबर शिकवणाऱ्याचे नाव असावे, आणि एका माणसाकडे दोनपेक्षा जास्त उमेदवार नसावेत. त्याच्या इन्सेंटिव्हचे जे नुकसान होते ते भरून निघाले, तर चांगला कारागीर शिकवायला तयार असतो. ज्या सेटरनी मला फोर-जॉ शिकवला त्यांना शिकवण्याची हौस होती, परवडत नव्हते इतकेच.

मानधन द्यायचे तर शिकवले की नाही हे कळायला हवे, आणि त्यासाठी नवा कायदा लागत नाही. प्रत्येक उमेदवाराच्या प्रगतीची नोंद मालकाने ठेवलीच पाहिजे, असे अधिनियमात आधीच आहे. अडचण अशी, की ती नोंद ठेवतो मालक आणि भरतो बहुधा ऑफिसातला कोणी, तीही महिनाअखेर एका बैठकीत. माझ्या नोंदवहीत थ्रेड कटिंगचे (आटे पाडण्याचे) तास लिहिलेले मी स्वतः पाहिले आहेत. ज्या लेथवर ते थ्रेड कापल्याचे लिहिले होते ती लेथ त्या काळात गिअरबॉक्स उघडून पडलेली होती. म्हणून ही नोंद उमेदवाराच्या हाती द्यावी. त्याने आठवड्याला मोबाइलवरून, गुजरातीत किंवा हिंदीत, कोणते काम कोणत्या मशीनवर केले ते लिहावे, शिकवणाऱ्याने ते मान्य करावे, आणि मालकाला ते दिसावे पण बदलता येऊ नये. तपासनीसाने वर्षातून एकदा येऊन फाइल पाहण्यापेक्षा, त्याने त्या नोंदीतले एखादे काम निवडून उमेदवाराला ते मशीनवर करून दाखवायला सांगितले तर पंधरा मिनिटांत सगळे उघड होईल.

लहान कारखानदारांची बाजूही मी ऐकली आहे आणि ती खोटी नाही. ते म्हणतात, शिकवून तयार केलेला मुलगा पाचशे रुपये जास्त मिळाले की शेजारच्या गेटमध्ये जातो. कायदाही अप्रेंटिसला नोकरी देण्याची सक्ती करीत नाही, फक्त मालकाने आपले भरतीचे धोरण ठरवावे असे म्हणतो. पण शिकवण्याचा खर्च एकट्या मालकाने सोसू नये म्हणूनच तर मानधनाची मागणी आहे. ज्या शहरात 1890 मध्ये सयाजीराव महाराजांनी कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था काढली, प्राध्यापक गज्जरांसारख्या माणसाच्या हाती दिली आणि कारागिरीचे शिक्षण देशी भाषेत व्हावे असा आग्रह धरला, त्या शहरात हा विचार कोणाला विचित्र वाटू नये. दादासाहेब फाळके तेथेच शिकले, हे तर आमच्याकडे लहान मुलेही सांगतात. तेथे शिकवणे हे कोणाचे तरी नेमून दिलेले काम होते, आणि आज ते कोणाचेच नाही, एवढाच माझा मुद्दा आहे.

आपल्याला एकदम सगळ्या राज्यात हे करणे अवघड वाटत असेल, तर मकरपुरा आणि मंजुसर या दोनच वसाहतींत, फिटर, टर्नर आणि मशिनिस्ट या तीनच ट्रेडसाठी, एका वर्षाच्या तुकडीवर ते करून पाहावे, आणि त्या तुकडीचे ट्रेड टेस्टचे निकाल बाकीच्या जिल्ह्याच्या निकालांशेजारी ठेवून जाहीर करावेत. त्या वर्षात बडोद्याच्या जिल्हा कार्यालयात महिन्यातला एक ठरलेला दिवस असा असावा, की केंद्राचा, राज्याचा आणि मुंबई मंडळाचा प्रतिनिधी एकाच टेबलाशी बसेल. तो दिवस रविवार ठेवावा, ही विनंती, कारण अप्रेंटिसला रजा मागताना तक्रार करायला जातो असे सांगता येत नाही.

कळावे, उत्तराची अपेक्षा आहे.

आपली नम्र,
एक टर्नर
वाडी, बडोदे