आमच्या कंटिन्युइटीच्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही. नावाचा गवगवा तुम्हाला आवडत नाही, आणि ज्यांनी तुमच्यासोबत एक शिफ्ट जरी केली आहे त्यांना 'वहीवाल्या ताई' एवढं पुरेसं आहे. आभार मात्र चारचौघांतच मानायचे आहेत, म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे.

मी लालबागची. 'भारतमाता' थिएटर घरापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे मराठी सिनेमा बघतच मोठी झाले. सिनेमा करायचाय असं म्हटलं की लोक एक तर विचारायचे, 'हिरॉइन व्हायचंय का?' नाहीतर, 'ओळख आहे का कोणाची?' अंधेरीच्या ऑफिसांतून बायोडेटा ठेवून यायचे आणि फोनची वाट बघायचे. तुम्ही पहिल्या भेटीत वेगळंच विचारलंत, 'अक्षर कसं आहे?' आणि वही पुढे सरकवलीत. सिनेमावाल्या माणसाने मला विचारलेला तो पहिला कामाचा प्रश्न होता.

कंटिन्युइटी म्हणजे काय आणि त्या वहीत काय असतं हे बाहेरच्यांना माहीत नसतं, म्हणून सांगते. तुकड्यातुकड्यांत घेतलेले शॉट एकमेकांशी जुळावेत म्हणून ही नोंद ठेवायची. सीन नंबर, शॉट नंबर, टेक, लेन्स, टेक किती सेकंदांचा, आणि शेवटी शेरा. 'एनजी' म्हणजे वाया गेलेला, 'होल्ड' म्हणजे राखून ठेवलेला, 'ओके' म्हणजे घ्यायचा. नुसतं 'एनजी' लिहिलेलं तुम्हाला चालायचं नाही. फोकस गेला, माइक आत आला की संवाद अडखळला, ते लिहायचंच. तुमची सुरुवात फिल्मच्या काळातली. कॅमेऱ्यावरचं 400 फूट फिल्मचं मॅगझिन, म्हणजे फिल्मचा डबा, साडेचार मिनिटांत संपायचं आणि लॅबमध्ये फक्त ओके टेक प्रिंटला जायचे, त्यामुळे शेरा चुकला तर निर्मात्याचे पैसे बुडायचे. आता मेमरी कार्ड भरत राहतं, कोणी हिशेब मागत नाही. तुमची शिस्त मात्र तीच राहिली. मोबाइलवर फोटो काढता येत असतानाही कोण कुठे उभं आहे, कोणाची नजर कुठल्या बाजूला आहे, हे काड्यांची माणसं काढून तुम्ही वहीत उतरवता. 'फोटो काढला की आपण बघायचं थांबतो,' हे तुमचं म्हणणं मला दर शूटिंगला पटत जातं.

पण ज्यासाठी मी जन्मभर ऋणी राहीन, ती गोष्ट त्या चाळीच्या सीनची.

आई बाजारातून घरी येते आणि दारातच तिला मुलाची बातमी कळते. खोलीचा सेट गोरेगावच्या चित्रनगरीत लावलेला होता आणि तो लवकर मोडायचा होता, म्हणून आतला सीन आधी घेतला. ती जिना चढून येते तो भाग गिरगावातल्या खऱ्या चाळीत, बऱ्याच नंतर होणार होता. पिशवी उजव्या हातात, कोथिंबिरीची जुडी वर डोकावणारी, कपाळावरचे केस ओले, पदर कमरेला खोचलेला, असं सगळं मी टिपून घेतलं होतं. दिव्यांच्या उष्णतेने कोथिंबीर माना टाकते म्हणून आर्टवाल्या दादांनी बादलीत जास्तीच्या जुड्या भिजवून ठेवल्या होत्या. सगळं जुळलेलं होतं.

तुम्ही उठलात, आईचं काम करणाऱ्या बाईंजवळ गेलात आणि हळूच म्हणालात, 'तीन जिने चढून आलात तुम्ही. तो सीन अजून व्हायचाय.' एवढंच. बाई काही बोलल्या नाहीत. सेटच्या मागे गेल्या आणि फ्लोअरला भराभर फेऱ्या मारून आल्या, मग दारातून आत शिरल्या. पहिलं वाक्य त्यांना नीट बोलताच आलं नाही, श्वासच पुरत नव्हता, आणि त्या अर्धवट वाक्याने सगळा फ्लोअर स्तब्ध झाला. वहीत तुम्ही माझ्या सगळ्या नोंदींच्या खाली एकच शब्द लिहिलात, 'दम'.

तोवर माझ्या लेखी कंटिन्युइटी म्हणजे वस्तूंची राखण होती. गोष्टीतल्या माणसाचं आयुष्य मधे तुटू न देणं हे ते काम आहे, हे त्या दिवशी समोर बघितलं. शूटिंग उलटसुलट होतं. शेवट आधी, मधला भाग नंतर, तारखा मिळतील तसं. अशा वेळी त्या बाईच्या आयुष्याचा सलग क्रम सबंध युनिटमध्ये एका माणसाच्या डोक्यात पक्का असतो, आणि ते माणूस कॅमेऱ्याशेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीत वही घेऊन बसलेलं असतं.

तेवढ्यावर तुम्ही थांबला नाहीत. एडिटरना फोन करून मला त्यांच्याकडे बसायला पाठवलंत. 'तुझी वही पुढे कुठे जाते ते बघून ये.' जिन्यावरचा शॉट आणि दारातला शॉट शेजारी शेजारी लागले. गिरगावातली शेवटची पायरी आणि गोरेगावातला उंबरठा. बाईंचा श्वास एकातून दुसऱ्यात असा गेला की मधे इतके आठवडे आणि अख्खी मुंबई होती हे कोणाला सांगूनही खरं वाटू नये. दिग्दर्शन करायचं तर ते हेच, असं मी तिथे बसल्या बसल्या ठरवलं. त्याआधी दिग्दर्शन करायचंय असं मी नुसतंच म्हणत होते.

टायटलमध्ये आपलं नाव किती झरझर निघून जातं म्हणून मी एकदा कुरकुरले होते. तुम्ही सरस्वतीबाई फाळक्यांचं सांगितलंत. 3 मे 1913 रोजी गिरगावातल्या कोरोनेशन थिएटरमध्ये दादासाहेबांचा पहिला चित्रपट लागला. त्याआधी दादरच्या घरात सगळ्या युनिटचा स्वयंपाक करून रात्री कच्च्या फिल्मच्या कडेला छिद्रं पाडायला सरस्वतीबाई बसायच्या. छिद्रं नसती तर फिल्म कॅमेऱ्यात पुढेच सरकली नसती. तेव्हापासून टायटल संपेपर्यंत मी थिएटरमधून उठत नाही.

आणखी एक सांगायलाच हवं. मुलींना या धंद्यात काय लागतं हे तुम्ही कधी भाषणात सांगितलं नाहीत, करून दिलंत. आउटडोअरला व्हॅनिटी व्हॅन फक्त कलाकारांना असते. तुम्ही सकाळीच जवळच्या एखाद्या घरी जाऊन तिथल्या वहिनींशी बोलून आम्हा मुलींची सोय करून यायचात. नाइट शिफ्टला शेवटची लोकल गेलेली असायची, तेव्हा प्रॉडक्शनवाल्यांकडून घरापर्यंत गाडी मिळेतो तुम्ही स्वतः गाडीत बसायचा नाहीत. माझ्या आईबाबांनी मला हे काम सोडायला लावलं नाही, याचं मोठं कारण तुम्ही आहात. आई तर अजून विचारते, 'त्या ताई आहेत ना या पिक्चरला?'

माझ्या पहिल्या शॉर्टफिल्मचं शूटिंग झालं आहे. लालबागच्या आमच्याच चाळीत, शेजाऱ्यांच्या कृपेने. यात आजी आणि नात अशा दोघीच आहेत. कंटिन्युइटीला कोणाला ठेवण्याएवढे पैसे नव्हते, पण त्यावाचून शूट करायचं नाही हे पक्कं होतं, म्हणून कॅमेऱ्याचं भाडं एका दिवसाने कमी केलं आणि एका मुलीला नीट मानधन देऊन बसवलं. तिचं अक्षर सुरेख आहे.

रफ कट, म्हणजे पहिली कच्ची जोडणी, तयार आहे. तुम्हाला सुट्टी असेल त्या दिवशी घरी या, आईने जेवायलाही बोलावलं आहे. आजी गॅलरीतून आत येते तिथला जोड मला अजून खटकतो आहे आणि नेमकं काय चुकतंय ते सापडत नाही. तुम्हाला दिसेल. ताई, मनापासून आभार.

तुमची,
लालबागची असिस्टंट