रस्त्याची मोजणी भिंतीपासून सुरू करा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रस्ता रुंदीकरणाची बातमी आली की त्यात दोन आकडे हमखास असतात, किती मीटर होणार आणि किती खर्च येणार. पण त्या मीटरांची वाटणी कशी केलीय, म्हणजे चालणाऱ्याला किती, सायकलवाल्याला किती, बसला किती, झाडाला किती, हे कुठेच येत नाही आणि माझ्या मते रस्ता चांगला होणार की वाईट हे तिथेच ठरतं. म्हणून हे पत्र, जरा लांबलंय, पण शक्य असेल तर छापाच.

बहुतेक वेळा नकाशा रस्त्याच्या मध्यापासून काढायला घेतात. आधी दुभाजक, मग दोन्हीकडे गाड्यांच्या लेन जेवढ्या बसतील तेवढ्या, आणि शेवटी कडेला जे काही उरेल त्याला फुटपाथ म्हणायचं. हे उलटं करायला पाहिजे, मोजपट्टी दोन्ही बाजूच्या भिंतींना लावा आणि तिथून आत या. समजा भिंत ते भिंत 30 मीटर जागा आहे. दोन्हीकडे 4-4 मीटरचा फुटपाथ धरा, त्यात 2 मीटर निव्वळ चालायला मोकळे आणि बाकीच्यात झाडं, दिव्याचे खांब, बाकडी, दुकानाची पायरी. मग 2-2 मीटरचा सायकल ट्रॅक. झाले 12. मधला दुभाजक 2 मीटरचा, म्हणजे रस्ता ओलांडताना माणसाला तिथे नीट थांबता येईल. उरले 16, त्यात सव्वातीन मीटरच्या चार लेन म्हणजे 13 मीटर, तरी 3 मीटर शिल्लक राहतातच, ते बसस्टॉपला, रिक्षाला, थोड्या पार्किंगला वापरा. सगळं बसलं की नाही? आणि गाड्यांसाठी चार लेन आहेतच, त्यांचं काही हिरावून घेतलेलं नाही.

आता यावर नेहमीचा आक्षेप असा की जिथे जागा जास्त आहे तिथे तरी लेन वाढवा ना. तर नाही. कारण रस्त्यातून किती गाड्या जाणार ते बाटलीच्या तोंडासारखं सगळ्यात अरुंद जागेवर ठरतं, मध्येच दोनशे मीटर तीन लेन केल्या आणि पुढे परत दोन, तर त्या तिसऱ्या लेनमधल्या गाड्या पुढे जाऊन घुसाघुशी करणार आणि कोंडी अजून वाढणार. त्यामुळे गाड्यांचा पट्टा सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा ठेवायचा आणि जिथे जागा जास्त मिळेल तिथे ती फुटपाथला, झाडांना, बसण्याला द्यायची. इतकी साधी गोष्ट आहे पण रस्ता कुठे फुगलेला कुठे आवळलेला असाच दिसतो.

लेनच्या रुंदीबद्दल पण एक मोठा गैरसमज आहे, रुंद लेन म्हणजे सुरक्षित लेन. हायवेला साडेतीन मीटर किंवा जास्त ठीक आहे, शहरात 3 ते सव्वातीन पुरते. ड्रायव्हर स्पीडच्या पाटीपेक्षा समोरचा रस्ता बघून पाय दाबतो, रस्ता सरळ मोकळा आणि ऐसपैस दिसला की 30 ची पाटी लावून काही उपयोग नाही. आणि वेगाचा हिशोब फार क्रूर असतो. 50 च्या वेगात गाडी एका सेकंदाला जवळजवळ 14 मीटर जाते, आणि समोर काहीतरी दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत तेवढा एक सेकंद तरी जातोच. 30 च्या वेगातली गाडी कोरड्या रस्त्यावर, चांगले ब्रेक असतील तर, साधारण 13 मीटरमध्ये पूर्ण थांबते. म्हणजे जिथे एक गाडी उभी राहिली तिथे दुसरीने अजून ब्रेकच दाबलेला नाही! पुढे धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, 30 वरून 50 ला ती पावणेतीन पट होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने जगात दरवर्षी सुमारे 11 लाख 90 हजार माणसं रस्त्यावर मरतात आणि त्यातली निम्म्याहून जास्त चालणारी, सायकलवाली, दुचाकीवाली असतात. स्वीडनने 1997 मध्ये व्हिजन झीरो हे धोरण घेतलं, त्याचा पाया हाच होता की माणूस चुकणारच, म्हणून रस्ता असा बांधा की चुकीची शिक्षा मरण नसावी. मला हे वाक्य प्रत्येक रस्त्याच्या फाइलवर हवंय.

कोपरे बघा. चौकात फुटपाथचा कोपरा मोठ्या गोलाईने कापला की वळणारी गाडी वेग कमी न करताच वळते आणि नेमकी तिथेच झेब्रा लांब होते, दोन्हीकडून नुकसान चालणाऱ्याचं. गोलाई लहान ठेवली तर गाडीला हळू व्हावंच लागतं. साध्या चार रस्त्यांच्या चौकात गाड्या एकमेकींच्या वाटेत येण्याच्या 32 जागा असतात, एका लेनच्या राउंडअबाउटला, म्हणजे मधल्या गोलाला वळसा घालून जायच्या चौकाला, 8 च, म्हणून जिथे जमेल तिथे तो चांगला. आणि ओलांडायचा वेळ! सिग्नलचा हिशोब बहुधा सेकंदाला 1.2 मीटर चालणाऱ्या धडधाकट माणसाचा धरतात. गुडघे दुखणारी आजी 0.8 ने चालत असेल तर 13 मीटरला तिला 16 सेकंद लागणार, तिला 11 मध्ये पळवायचं का? मध्ये थांबायला जागा असेल तर एका वेळी साडेसहाच मीटर पार करायचे, 8 सेकंदात होतं. यावर पादचारी पूल हा उपाय सांगतात तो मला अजिबात पटत नाही, दोन मजले चढउतार चालणाऱ्याने करायचा आणि गाडीने सपाट जायचं हे न्यायाचंही नाही आणि लोक तो वापरतही नाहीत.

फुटपाथचंही तसंच. प्रत्येक गेटपाशी फुटपाथ खाली उतरतो, गाडी जाते तेवढं सपाट, मग परत चढतो. व्हीलचेअरवाल्याला किंवा बाबागाडी ढकलणाऱ्या आईला हे दर दहा पावलांवर. उतारावर चाक एका बाजूला ओढलं जातं, आणि तळाला जो दोन सेंटिमीटरचा कंगोरा ठेवलेला असतो ना, त्यात पुढचं लहान चाक अडकतं, खुर्ची मागे घ्यायची, पुढचं चाक उचलायचं, परत जोर लावायचा, तोपर्यंत मागून हॉर्न. खरं म्हणजे फुटपाथ एका पातळीत सरळ जायला पाहिजे आणि गेटमध्ये शिरणाऱ्या गाडीने छोटा रॅम्प चढून यायला पाहिजे. गाडीला इंजिन आहे.

पाण्याचं पण सांगतो. रस्त्याला मधून कडेला मीटरमागे 2 ते अडीच सेंटिमीटर उतार लागतो, तो नसला की पाणी साचतं, डांबरात मुरतं आणि खड्डे पडतात. पण दरवेळी जुना थर न खरवडता त्यावरच नवीन 4-5 सेंटिमीटरचा थर टाकतात. फुटपाथची कड 15 सेंटिमीटर उंच, तीन थरांत ती गायब, मग दुचाक्या फुटपाथवर आणि पाणी दुकानात, चेंबरची झाकणं खड्ड्यात. आणि केबल, पाण्याच्या लाइन फुटपाथखाली एका डक्टमध्ये, म्हणजे उघडता येणाऱ्या बंदिस्त नाळीत, घातल्या असत्या तर कुणालाही नवीन रस्ता खोदावा लागला नसता.

आणि शेवटी रुंदीकरणाने कोंडी जाते हा समज. अमेरिकेत ह्यूस्टन शहराचा केटी फ्रीवे हा महामार्ग 2008 पर्यंत रुंद करून झाला, काही ठिकाणी सगळ्या लेन धरून 26, तरी काही वर्षांतच गर्दीच्या वेळेचा प्रवास परत लांबला, कारण नवीन जागा दिसली की नवीन गाड्या येतात. याउलट दक्षिण कोरियाची राजधानी सोल, तिने 2003 मध्ये चोंगेचोन ओढ्यावरचा उन्नत रस्ता पाडायला घेतला आणि 2005 मध्ये तिथे ओढा मोकळा केला, शहर काही ठप्प झालं नाही. बसला वेगळी लेन दिली तर त्याच रुंदीत कितीतरी जास्त माणसं जातात, गाड्या किती यापेक्षा माणसं किती हे मोजा ना.

तर संपादक साहेब, माझी मागणी छोटी आहे. यापुढे कुठल्याही रस्त्याची बातमी द्याल तेव्हा त्या रस्त्याचा आडवा छेद, म्हणजे भिंत ते भिंत कुणाला किती मीटर ते दाखवणारं चित्र, संबंधित खात्याकडून मागून घ्या आणि बातमीसोबत छापा. दिलं नाही तर दिलं नाही असं छापा. काम सुरू व्हायच्या आधी ते लोकांसमोर आलं तर बदल करता येतो, काँक्रीट ओतल्यावर नाही.

आपला,
एक नियमित वाचक